उगमाच्या वाटेनें

मराठी भाषेंत पायीं हिंडणाऱ्या माणसासाठीं शब्दांची उणीव नाहीं. परंतु त्या शब्दांत एक चमत्कारिक फूट पडलेली आहे. जो देवासाठीं चालतो तो यात्रेकरू. जो पंढरीला जातो तो वारकरी. जो विद्येसाठीं परमुलखांत फिरतो त्याच्या फिरण्याला देशाटन म्हणावयाचें. हे सारे आदराचे शब्द आहेत. उलट, हातीं कांहीं काम नसतां, डोंगर पाहावा, रान तुडवावें, उघड्या आभाळाखालीं निजावें एवढ्याच हौसेनें जो तरुण घराबाहेर पडतो, त्याच्या वांट्याला उनाड, भटक्या, उडाणटप्पू अशीं विशेषणें येतात. पहिल्याला निरोप देण्यास सारें गांव वेशीपर्यंत येतें. दुसऱ्याच्या आईला मात्र शेजारणींच्या प्रश्नांना उत्तर देतां देतां पुरेवाट होते. ह्या दोन शब्दसमूहांच्या मधली जागा पुष्कळ काळ रिकामी होती. ती कशी भरत गेली, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांतला एक लहानसा, पण मनोरंजक भाग आहे. आणि तो पाहण्यासाठीं कृष्णाकांठच्या कुरुंदवाडसारखें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हें गांव एके काळीं पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतें. थोरली पाती व धाकटी पाती असे त्या संस्थानाचे दोन भाग होते, आणि १९४८ सालीं तीं दोन्ही संस्थानें तेव्हांच्या मुंबई प्रांतांत विलीन झालीं. गांवाची खरी ओळख मात्र संस्थानाची नसून नद्यांची आहे. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा आणि पश्चिमेकडील सह्याद्रीच्या डोंगरांतून उतरलेली पंचगंगा ह्या दोघी येथें एकमेकींस भेटतात. संगमावर नरसोबाची वाडी, आणि पंचगंगा ओलांडली कीं कुरुंदवाडचा घाट. सभोंवार काळी, सपाट, सुपीक जमीन. डोंगर म्हणावा असा कोठें जवळपास नाहीं. येथला मुलगा पोहण्यास आधीं शिकतो; चढण त्याला ठाऊक नसते. पण जें पाणी तो रोज पाहतो तें सारें डोंगराकडून आलेलें असतें. नदीच्या कांठीं वाढलेल्या मुलाच्या मनांत हें पाणी येतें कोठून, हा प्रश्न केव्हां ना केव्हां उठतोच. आणि हिंडण्याची आवड पुष्कळ वेळां अशाच एखाद्या प्रश्नांतून जन्म घेते.

ह्या परिसरानें चालणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलीं आहेत. नृसिंहसरस्वतींच्या पादुकांमुळें वाडी हें दत्तसंप्रदायाचें मोठें क्षेत्र झालें, आणि खांद्यावर पडशी, हातांत लोटा, काखेंत घोंगडीची वळकटी अशा वेषांतले यात्रेकरू ह्या वाटांना कधीं परके वाटले नाहींत. वासुदेवानंद सरस्वती, ज्यांना सर्वजण टेंबेस्वामी म्हणून ओळखतात, त्यांचाही वाडीशीं निकटचा संबंध होता. सावंतवाडी संस्थानांतील माणगांवीं १८५४ सालीं जन्मलेल्या ह्या सत्पुरुषानें संन्यास घेतल्यानंतर वाहनाचा आश्रय न करतां सारा देश पायांखालीं घातला, आणि १९१४ सालीं नर्मदेच्या कांठीं गरुडेश्वर येथें देह ठेवला. आगगाडी सर्वत्र धांवूं लागली होती त्या काळांतलें हें चालणें आहे. तें कोणास विचित्र वाटलें नाहीं, ह्याचें कारण उघड आहे. संन्याशानें चालावें, हा नियम समाजानें मान्य केलेला होता. त्याच्या मागें रडणारें कोणी नसतें; असलें तरी रडण्याचा हक्क त्यांनीं सोडून दिलेला असतो.

विद्येसाठीं चालणाऱ्यांची परंपराही ह्याच मुलखांत नांदली. इचलकरंजीकर म्हणून प्रसिद्धीस आलेले गायनाचार्य बाळकृष्णबुवा १८४९ सालीं जन्मले. त्यांच्या तरुणपणीं दक्षिण महाराष्ट्राच्या ह्या भागांत आगगाडी पोहोंचलेली नव्हती. गाणें शिकण्याच्या ध्यासानें त्यांनीं लहान वयांतच घर सोडलें, धारेस देवजीबुवा परांजपे ह्यांच्याकडे जाऊन सेवा केली, पुढें ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी ह्यांच्याकडे विद्या मिळविली, आणि ती ख्यालाची गायकी दक्षिणेंत आणली. महाराष्ट्रांत ग्वाल्हेरचें गाणें आलें तें अशा एका घर सोडून गेलेल्या मुलाच्या मागोमाग आलें.

त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर हे तर कुरुंदवाडचेच. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील कीर्तनकार. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें डोळ्यांस इजा झाली, शाळेचा अभ्यास सुटला, आणि मुलाला गाणें शिकण्यासाठीं मिरजेस बाळकृष्णबुवांकडे ठेवण्यांत आलें. तेथें संस्थानाचा आश्रय होता, अन्नवस्त्राची ददात नव्हती. तरीसुद्धां १८९६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, ह्या तरुणानें मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदें, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा मुलूख त्यांनीं पाहिला. गिरनारच्या डोंगरावरही ते राहिले. आणि शेवटीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ज्या डोळ्यांना पुस्तकाचें पान नीट दिसत नव्हतें त्यांनीं अर्धा हिंदुस्थान हिंडून पाहिला. राजाश्रयाची उबदार चौकट सोडून उघड्या रस्त्यावर येण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं नसतें, तर गाण्याची विद्या दरबाराच्या दिवाणखान्यांतून सामान्य माणसाच्या घरांत येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं असतीं.

ह्या दोघा गुरुशिष्यांच्या मध्यें मात्र एक मोठा फरक पडलेला होता. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. त्यापूर्वीं पायीं जाणें ही परिस्थिति होती. त्यानंतर पायीं जाणें ही निवड झाली. ज्याला घाई आहे, ज्याला काम आहे, ज्याच्यापाशीं भाड्यापुरते पैसे आहेत, तो गाडीनें जाणार. मग पायीं कोणीं जावयाचें? एक, ज्याला भाडें परवडत नाहीं त्यानें. दुसरें, ज्यानें व्रत घेतलें आहे त्यानें. आणि तिसरें, ज्याला चालण्यांतच गोडी वाटते त्यानें. हा तिसरा मनुष्य आगगाडीचें अपत्य होय, असें म्हटल्यास तें प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु खोटें नाहीं. चालणें अपरिहार्य होतें तोंवर त्याची हौस कोणास वाटावी? पाणी भरणें हा जिचा रोजचा जाच आहे तिला नदीवर जाण्याची कविता सुचत नाहीं.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असें नव्हे. विष्णु दिगंबरांनीं मिरज सोडली त्याच १८९६ सालच्या सुमारास जर्मनींत बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झ ह्या उपनगरांतील शाळेचीं मुलें हेर्मान हॉफमान नांवाच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या पुढारीपणाखालीं सुटींत रानोमाळ हिंडूं लागलीं होतीं. कारखान्यांच्या धुरानें कोंदटलेलीं शहरें आणि कडक शिस्तीच्या शाळा ह्यांना कंटाळलेल्या ह्या मुलांच्या चळवळीला १९०१ सालीं रीतसर संस्थेचें रूप आलें. वांडरफोगेल, म्हणजे भटके पक्षी, असें त्यांनीं स्वतःचें नांव ठेवलें. पाठीवर पिशवी, हातीं गिटार, वाटेंत गवताच्या गंजींत निजणें, असा त्यांचा क्रम असे. निजण्याची ही अडचण पाहून रिकार्ड शिरमान ह्या शाळामास्तरांनीं हिंडणाऱ्या मुलांसाठीं ठिकठिकाणीं स्वस्त निवारे असावेत अशी कल्पना १९०९ सालीं मांडली, आणि १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत असें पहिलें कायमचें युवक-निवासस्थान उघडलें. आज जगभर पसरलेल्या युवक-निवासांची ती मूळ वास्तु होय.

त्याच १९१२ सालीं एक मराठी तरुण हिमालयाच्या वाटेला लागला होता. त्याचें नांव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. पुढें काकासाहेब कालेलकर म्हणून ते देशाला परिचित झाले. पण त्या वेळीं ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजीं साताऱ्यास, म्हणजे कृष्णेच्याच कांठीं झाला. माहुलीच्या संगमावर कृष्णा आणि वेण्णा कशा भेटतात, हें त्यांनीं लहानपणीं पाहिलें आणि जन्मभर आठवणींत ठेवलें. वडील सरकारी नोकरींत होते. कामानिमित्त दक्षिण महाराष्ट्रांतील संस्थानांतून त्यांना वरचेवर जावें लागे, आणि हा धाकटा मुलगा बरोबर असे. बैलगाडीच्या त्या प्रवासांत नदी, ओढा, माळ, आकाशांतले तारे ह्यांची त्याला जी ओढ लागली, तिचें वर्णन त्यांनीं पुढें आपल्या बालपणाच्या आठवणींत केलें आहे. शाळेच्या पुस्तकापेक्षां गाडीच्या तट्ट्यावरून दिसणाऱ्या मुलखानें त्यांना अधिक शिकविलें, असें त्या आठवणी वाचतांना वाटतें.

१९०७ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून पदवी घेतल्यावर त्यांनीं बेळगांवास शाळेंत शिकविलें, मुंबईस ‘राष्ट्रमत’ पत्रांत काम केलें, आणि नंतर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयांत ते शिक्षक झाले. ह्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षकांना घरच्या माणसांसारखीं नांवें देण्याची रीत होती. कोणी मामा, कोणी अण्णा. कालेलकर काका झाले, आणि तेंच नांव त्यांस कायम चिकटलें. परंतु सरकारच्या वक्रदृष्टीमुळें ती शाळा बंद करावी लागली. हातचें काम गेलें. देशाच्या स्वातंत्र्याचा मार्ग दिसेना. अशा वेळीं त्यांच्या मनांतली जुनी ओढ उसळून वर आली, आणि स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर ह्या दोघा सोबत्यांसह त्यांनीं हिमालयाची वाट धरली.

सोबती मोठा नमुनेदार मिळाला होता. स्वामी आनंद, मूळचे काठेवाडांतील हिंमतलाल दवे, हे वयाच्या दहाव्या वर्षीं देव दाखवितों असें सांगणाऱ्या एका साधूच्या मागें घरांतून निघून गेले होते. देव कोठें दिसला नाहीं. पण साधूंचें जग, उपासमार, रस्ते आणि माणसें मात्र भरपूर दिसलीं. तरुणपणीं ते महाराष्ट्रांत आले, मराठी उत्तम शिकले, आणि टिळकपक्षाच्या वर्तमानपत्रांच्या वर्तुळांत वावरले. एक मनानें भटका, दुसरा अनुभवानें भटका, अशी ही जोडी जमली.

त्या काळीं हृषीकेशाच्या पुढें मोटारीचा रस्ता नव्हता. यमनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बदरीनारायण ह्या चारी ठिकाणीं जाणें म्हणजे आठवडेच्या आठवडे पायीं चढउतार करणें होय. ह्या चारांपैकीं एकही स्थान दहा हजार फुटांहून खालीं नाहीं, आणि केदारनाथ तर साडेअकरा हजार फुटांच्याही वर आहे. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तर मध्यें डोंगराचा खांदा ओलांडावा लागे. परंतु ह्या दुर्गम मुलखांत एक सोय होती, आणि ती पाहिली म्हणजे शिरमान मास्तरांच्या खटपटीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. वाटेवर कांहीं कांहीं मैलांच्या अंतरानें चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवताचें किंवा पाटांचें छप्पर घातलेली लांबट पडवी आणि तिला लागून एक दुकान. यात्रेकरूनें दुकानांतून पीठ, डाळ, तूप असा शिधा विकत घ्यावा. भांडीं दुकानदारानें वापरण्यास द्यावींत. आणि रात्रीच्या आसऱ्याचें निराळें भाडें पडूं नये, असा तो व्यवहार होता. ज्याच्यापाशीं पैसे नसतील त्या साधूसाठीं काळी कमलीवाले बाबांच्या संस्थेनें सदावर्तें व धर्मशाळा चालविल्या होत्या. युरोपांत जी सोय विसाव्या शतकांत नव्यानें निर्माण करावी लागली, ती येथें यात्रेच्या पोटीं कित्येक पिढ्या नांदत होती. नव्या तरुणानें फक्त ती वापरण्याचा हेतु बदलला.

आणि हेतूचाच येथें खरा प्रश्न आहे. कालेलकर हिमालयांत कशासाठीं गेले? यात्रेकरू म्हणून म्हणावें तर त्यांच्या लिहिण्यांत पुण्याचा हिशेब फारसा आढळत नाहीं. साधक म्हणून म्हणावें तर अंशतः तें खरें आहे. शांतीचा आणि साधनेचा शोध त्यांना होताच. परंतु त्यांचें प्रवासवर्णन, जें पुढें गुजराती भाषेंत लिहिलें जाऊन १९२४ सालीं पुस्तकरूपानें निघालें, तें वाचणाऱ्याच्या मनांत राहतें तें देवदारांचें रान, नद्यांचे संगम, बर्फाचीं शिखरें, पहाडी माणसाची साधी वागणूक. देवळाच्या गाभाऱ्याइतकाच, किंबहुना किंचित्‌ अधिकच, देवळाकडे जाणारा रस्ता त्यांना प्रिय होता. जुन्या यात्रेची चौकट तीच राहिली आणि तिच्यांत एक नवी वृत्ति येऊन बसली. सृष्टि पाहण्यासाठींच सृष्टि पाहावी, पायांना थकवून मनाला मोकळें करावें, ही ती वृत्ति होय. मराठी तरुणाच्या मनांत यात्रा आणि उनाडकी ह्यांच्यामधली रिकामी जागा भरूं लागली ती अशा रीतीनें.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. कालेलकर संन्यासी नव्हते. त्यांचें लग्न झालेलें होतें. घरीं पत्नी लक्ष्मीबाई होत्या, लहानग्यांचा संसार होता. पहाडांत जाणाऱ्या पुरुषाची कीर्ति होते. मागें राहून घर सांभाळणाऱ्या बाईची वाट कोणी लिहीत नाहीं. ती मैलांत मोजतां येत नाहीं, तिच्यावर चट्ट्या नसतात, आणि तिच्या शेवटीं शिखर लागत नाहीं. त्या काळच्या समाजांत तरुण मुलानें निघून जाणें हें पुष्कळदां घरच्या बायकांच्या खर्चानें होत असे. हिंडण्याच्या आवडीचा इतिहास लिहितांना हें ऋण जमेस धरलें नाहीं, तर तो इतिहास अर्धाच राहील.

कालेलकरांच्या बाबतींत समाधानाची गोष्ट ही कीं, ते परत आले. हिमालयांत राहून जावें असा मोह होण्याजोगें तें स्थळ आहे, आणि तसे राहून गेलेले लोक त्यांना पावलोपावलीं भेटलेही असतील. परंतु पारतंत्र्यांत असलेल्या देशाला पाठ दाखवून एकट्यानें शांति मिळवावी, हें त्यांच्या मनाला पटलें नाहीं. ते शांतिनिकेतनास गेले, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत तेथेंच त्यांची व गांधीजींची गांठ पडली. पुढें ते साबरमतीच्या आश्रमांत आले. पत्नी व मुलेंही तेथें आलीं. स्वामी आनंदही डोंगरांतून उतरून त्याच कार्यांत पडले. नवजीवन छापखान्याचा व्याप त्यांनीं सांभाळला, आणि गांधीजींना आत्मकथा लिहावयास लावण्यांत त्यांचा आग्रह कारणीभूत झाला.

मार्च १९३० मध्यें गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले तेव्हां त्यांच्या सुमारें ऐंशी जणांच्या तुकडींत कालेलकरांचे सतीश व बाळ हे दोन मुलगे होते. दोघेही ऐन तारुण्यांत. २४ दिवस, सुमारें २४० मैल, पायीं. बापानें तरुणपणीं जें चालणें आवडीनें केलें, तेंच मुलांनीं देशासाठीं केलें. चालणें तेंच, पण त्याला आतां हातांत धरण्यास कांहींतरी सांपडलें होतें. जो पाय डोंगरांत तयार होतो तो रस्त्यावरही उपयोगीं पडतो, ह्याचा ह्याहून चांगला दाखला मिळणें कठीण आहे.

उलट उदाहरणही ह्याच काळांत घडलें. जर्मनींतल्या त्या भटक्या पक्ष्यांचा शेवट शोचनीय झाला. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता आल्यावर तरुणांच्या स्वतंत्र संस्था मोडण्यांत आल्या, आणि रानांत गाणीं गात हिंडणाऱ्या मुलांच्या पुढच्या पिढीला गणवेष चढवून एकाच तालावर चालावयास लावलें. पाठीवरची पिशवी राहिली, शेकोटी राहिली, गाणीं राहिलीं. पण वाट निवडण्याची मोकळीक गेली. ह्यावरून एवढें स्पष्ट होतें कीं, चालण्याच्या आवडींत आपोआप कांहीं सद्गुण असतो असें नव्हे. ती एक शक्ति आहे. ती मनुष्याला मोकळाही करते, आणि त्याचा मोकळेपणा हिरावून घेणाऱ्याच्या हातींही सांपडते. वाट कोण ठरवितो, ह्यावर सारें अवलंबून आहे.

महाराष्ट्रांत ह्या आवडीनें पुढें किल्ल्यांची वाट धरली. चिंतामण गंगाधर गोगटे ह्यांनीं महाराष्ट्रांतील किल्ल्यांवर पुस्तक लिहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधलें होतें. परंतु दुर्गभ्रमण हें तरुणांचें वेड व्हावें, ह्याचें पुष्कळसें श्रेय गोपाळ नीलकंठ दांडेकर ह्यांस द्यावें लागतें. १९१६ सालीं परतवाड्यास जन्मलेल्या ह्या लेखकानें वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीं घर सोडलें, गाडगेमहाराजांच्या सहवासांत कांहीं काळ घालविला, आणि नर्मदेची परिक्रमा पायीं केली. ती परिक्रमा म्हणजे नदी सदैव उजव्या हाताला ठेवून, मध्यें कोठेंही न ओलांडतां, एका कांठानें मुखापर्यंत आणि दुसऱ्यानें उगमापर्यंत चालणें होय. नर्मदेची लांबी सुमारें १३०० किलोमीटर. तेव्हां दोन्ही कांठ मिळून होणारें अंतर ज्याचें त्यानेंच ताडावें. पुढें तळेगांवास स्थायिक झाल्यावर त्यांनीं सह्याद्रीचे किल्ले पुनःपुन्हां पाहिले, त्यांवर लिहिलें, आणि वाचकांना पायांत वहाणा चढवावयास लावलें. १९५४ सालीं मुंबईस गिरिविहार ही गिर्यारोहकांची संस्था निघाली. मग ठिकठिकाणीं मंडळें झालीं. आणि १८ मे १९९८ रोजीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण ह्यांनीं एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवलें. तेथें पोहोंचणारे ते पहिले महाराष्ट्रीय होत. पडशीची जागा सॅकनें घेतली, घोंगडीची स्लीपिंग बॅगनें. उनाड हा शब्द मागें पडून ट्रेकर हा शब्द घरोघर रूढ झाला. मधली जागा भरली. एवढेंच कीं ती भरण्यास शब्द परक्याकडून उसना घ्यावा लागला.

कोल्हापूर जिल्ह्यांत ह्या आवडीचें सर्वांत मोठें दर्शन आषाढांत होतें. १२ जुलै १६६० च्या रात्रीं सिद्दी जौहराचा वेढा फोडून शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, आणि दुसऱ्या दिवशीं गजापूरच्या घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे व बांदलांचे मावळे ह्यांनीं शत्रूला रोखून धरलें. ती खिंड पावन झाली. त्या रात्रीच्या आठवणीसाठीं दरवर्षीं जुलै महिन्यांत हजारों मुलेंमुली पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायीं जातात. कोसळता पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, जळवा, धुक्यांत हरवलेली वाट, धनगरवाड्यावर मिळणारा चहा, असा तो दोन दिवसांचा क्रम असतो. घरीं अंथरुणावरची चादरही न झटकणारा मुलगा येथें ओल्या कपड्यानिशीं सोबत्याची सॅक उचलतो. मुलीही आतां बरोबरीनें येतात, ही गोष्ट लहान नाहीं. मागें राहून वाट पाहणें हेंच बाईचें काम, ही जुनी वांटणी त्यामुळें मोडत चालली आहे.

कुरुंदवाडकडच्या तरुणाला ह्या वाटेवर आणखी एक गोष्ट कळण्यासारखी असते. पंचगंगा ही नांवाप्रमाणें पांच नद्यांची मानलेली आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या चार डोळ्यांना दिसणाऱ्या, आणि सरस्वती ही गुप्त. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीच्या संगमावर त्या एक होतात. त्यांतली कासारी उगम पावते ती ह्याच गजापूरच्या बाजूच्या डोंगरांत. म्हणजे खिंडींत ज्या ओहोळांतून तो चालतो, त्याच ओहोळांचें पाणी पुढें त्याच्या गांवच्या घाटाला लागतें. येथें आषाढाचा पाऊस धरला कीं वाडीच्या देवळांत पाणी शिरून दक्षिणद्वाराचा सोहळा होतो; आणि हाच पाऊस हाताबाहेर गेला कीं २००५ किंवा २०१९ सारखा महापूर येऊन शिरोळ तालुक्यांतील गांवांच्या गांवें पाण्याखालीं जातात. घाटाच्या पायरीवर उभें राहून पाणी चढतांना पाहणारा मनुष्य नदीला भितो. तीच नदी जेथें उडी मारून ओलांडतां येते तें स्थळ ज्यानें पाहिलें, डोंगरावरचें रान दाट आहे कीं तोडलेलें आहे हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला पूर हा केवळ दैवाचा कोप वाटत नाहीं. त्याला नदी समजूं लागते. नकाशावर बोट फिरवून ही समज येत नाहीं. ती पायांतून वर चढावी लागते.

कालेलकर गंगायमुनांच्या उगमाकडे गेले, दांडेकर नर्मदेच्या, आणि आजचा मुलगा कासारीच्या. उगमाकडे जाण्याची ही ओढ यात्रेंतून आली आहे, हें उघड आहे. परंतु तिच्यांत आतां भक्तीबरोबर जिज्ञासा आणि हौस ह्याही मिसळल्या आहेत, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लाजण्यासारखें असेल तें निराळेंच. डोंगरावर प्लास्टिकचा कचरा टाकून येणें, पाण्याच्या टांक्यांत पाय धुणें, वाटाड्याचें न ऐकतां कड्याच्या टोंकाशीं उभें राहून छायाचित्रें काढणें, पावसांतल्या निसरड्या खडकावर फाजील धाडस दाखवून स्वतःचा आणि सोबत्याचा जीव धोक्यांत घालणें, ह्या गोष्टी खऱ्या उनाडकीच्या होत. जुना यात्रेकरू गरीब होता, पण वाटेवरच्या विहिरीचें पाणी त्यानें कधीं बाटविलें नाहीं. कारण त्याच वाटेनें आपल्यामागून दुसरा येणार, हें त्याला ठाऊक होतें.

पोरगा पाठीवर ओझें बांधूं लागला कीं घरांतलीं वडील माणसें विचारतात, काय मिळतें तुला तेथें जाऊन? ह्या प्रश्नाला निघतांना उत्तर देतां येत नाहीं, आणि देऊंही नये. बाळकृष्णबुवांचें उत्तर महाराष्ट्राला त्यांच्या गळ्यांतून मिळालें, विष्णु दिगंबरांचें लाहोरांत मिळालें, कालेलकरांचें साबरमतीस मिळालें. आणि तीं सारीं कित्येक वर्षांनीं मिळालीं. तोंवर घरच्यांनीं काळजी करावी हें स्वाभाविक आहे, आणि मुलानें ती काळजी ओळखून जपून जावें हेंही तितकेंच आवश्यक आहे. शिदोरी बांधून देणाऱ्या हाताची आठवण ज्याला चढणीवर राहते, तो वाट चुकला तरी सहसा हरवत नाहीं.